नळाचे पाणी आणि मत्स्यटाकी : काय काढावे, काय राहू द्यावे

घरगुती मत्स्यटाकीचा छंद वरवर पाहता माशांचा वाटला, तरी त्यातील यशापयश मुख्यतः पाण्यावर ठरते, कारण मासा ज्या पाण्यात वावरतो त्यातूनच प्राणवायू घेतो, त्यातच उत्सर्जन करतो आणि त्याच्या कल्ल्यांच्या अतिशय पातळ आवरणातून पाण्यातील वायू व क्षार अखंड आत-बाहेर जात असतात. माणसाने पिण्यास योग्य ठरवलेले पाणी माशालाही योग्य असेल असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही. पेयजलाच्या कसोट्या रोगजंतूंना आळा घालण्यासाठी आणि मानवी शरीराला अपाय होऊ नये यासाठी ठरलेल्या आहेत, आणि माणूस पाणी पितो ते जठरात जाते, थेट रक्ताला भिडत नाही. माशाच्या बाबतीत पाणी आणि रक्त यांच्यामध्ये पेशींचा एखाद-दुसरा थर असतो, एवढा फरक ध्यानात घेतला तरी पुढील बहुतेक गोष्टींची संगती लागते.

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालील भागात, मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यांसारख्या गावी, नळातून येणाऱ्या पाण्यात दोन वेगवेगळ्या उगमांची द्रव्ये एकत्र आलेली असतात. एक द्रव्य माणसाने हेतुपुरस्सर मिसळलेले असते, ते म्हणजे निर्जंतुकीकरणासाठीचे क्लोरीन. दुसरी द्रव्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेतील आणि तिच्या पायथ्याच्या खडकाने दिलेली असतात, ती म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार. नवशिक्याने यांतील पहिले द्रव्य काटेकोरपणे काढून टाकावे आणि दुसऱ्यांना बहुतांशी हात लावू नये, हे या विषयाचे मर्म आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा नेमके उलट घडते. नळाचे पाणी ‘जड’ म्हणून नाकारले जाते, आरओचे जार आणून टाकी भरली जाते, आणि चार महिन्यांनी जारचा खर्च नकोसा झाला की तीच टाकी क्लोरीन न काढता थेट नळाला जोडलेल्या पाइपने भरली जाते. मासे दोन्ही वेळा दगावतात. पहिल्या वेळी हळूहळू आणि दुसऱ्या वेळी एका रात्रीत.

क्लोरीनपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. ग्रामीण महाराष्ट्रात हे काम टीसीएल पावडर करते, जिला शहरात ब्लीचिंग पावडर म्हणतात. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन उपलब्ध असते आणि पिशवी उघडी राहिली, ओल लागली किंवा ऊन लागले की ते प्रमाण घसरत जाते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ही पावडर पाण्यात कालवून, निवळी विहिरीत किंवा जलकुंभात टाकतो, आणि अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर पाणी गावात सोडले जाते. भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस १०५००’ या २०१२ च्या मानकानुसार शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन शिल्लक राहिले पाहिजे, कारण वाटेतल्या फुटक्या जलवाहिनीतून शिरणाऱ्या जंतूंचा बंदोबस्त त्या शिलकीनेच होतो. काविळीच्या व गॅस्ट्रोच्या साथी रोखणाऱ्या या व्यवस्थेचे मोल फार मोठे आहे आणि मत्स्यटाकीच्या सोयीसाठी तिच्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही.

माशासाठी मात्र तीच शिल्लक घातक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८४ मध्ये गोड्या पाण्यातील जलचरांसाठी जी मर्यादा सुचवली, ती तासाभराच्या संपर्कासाठी लिटरमागे ०.०१९ मिलिग्रॅम इतकी आहे. म्हणजे आपल्या नळाला कमीत कमी जेवढे क्लोरीन असायला हवे, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी. क्लोरीन हे तीव्र ऑक्सिडीकारक असल्याने ते कल्ल्यांच्या पेशी भाजून काढते, त्या सुजतात, त्यांवर चिकट स्राव साचतो आणि पाण्यात प्राणवायू पुरेसा असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो. हे लक्षण दिसल्यावर हवेचा पंप वाढवून फारसे साधत नाही, कारण प्राणवायू पाण्यात असला तरी तो रक्तात घेणारे इंद्रियच निकामी होत असते.

क्लोरीन काढण्याची सर्वांत जुनी व बिनखर्चाची रीत म्हणजे पाणी उघड्या, रुंद तोंडाच्या पिंपात चोवीस तास ठेवणे. पाणी ढवळले किंवा त्यात हवेचा पंप सोडला तर काम लवकर होते आणि सूर्यप्रकाशात ते आणखी त्वरेने होते, कारण उन्हातील अतिनील किरण मोकळ्या क्लोरीनचे विघटन करतात. झाकण लावलेल्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीत मात्र पाणी दोन दिवस ठेवले तरी क्लोरीन टिकून राहू शकते, कारण तिथे प्रकाशही नसतो आणि हवेशी संपर्कही बेताचाच असतो. साठवणीच्या भांड्याबद्दल आणखी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. तांब्या-पितळेच्या घागरीतले किंवा हंड्यातले पाणी माणसाला चांगले मानले जात असले, तरी विरघळलेले तांबे मासे, गोगलगायी आणि झिंगे यांना अत्यल्प प्रमाणातही विषारी असते, म्हणून टाकीसाठी ते वापरू नये. तसेच नव्याने बांधलेल्या सिमेंटच्या हौदातून चुना सुटत असतो. तो हौद अनेकदा भरून रिकामा केल्याशिवाय त्यातील पाणी माशांना देणे धोक्याचे असते.

दुसरी रीत रासायनिक आहे. फोटोग्राफीच्या जुन्या स्टुडिओंमध्ये ‘हायपो’ या नावाने वापरले जाणारे सोडियम थायोसल्फेट क्लोरीनशी तत्काळ संयोग पावून त्याचे निरुपद्रवी क्लोराइडमध्ये रूपांतर करते. दुकानात मिळणाऱ्या ‘अँटी-क्लोरीन’च्या बहुतेक बाटल्यांत याच क्षाराचे द्रावण असते. एक मिलिग्रॅम क्लोरीन निष्प्रभ करण्यास व्यवहारात सात मिलिग्रॅम हायपोचे खडे लागतात. उकळून गार केलेल्या १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम खडे विरघळवले, तर त्या द्रावणाचा एक मिलिलिटर सुमारे १४ मिलिग्रॅम क्लोरीन नाहीसे करतो. वीस लिटरच्या बादलीत लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन असल्यास एकूण १० मिलिग्रॅमच होते, तेव्हा एक मिलिलिटर द्रावण पुरून उरते. पावसाळ्याच्या तोंडी, गढूळ पाणी आणि साथीचे भय यांमुळे टीसीएलची मात्रा वाढवलेली असते, त्या दिवसांत दोन मिलिलिटर घालावे. थोडे अधिक पडले तर बिघडत नाही. कमी पडले तर बिघडते.

पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे वासावरून ठरवणे भरवशाचे नाही, आणि येथे ग्रामीण पाणीपुरवठ्यातील एक परिचित साधन छंदाच्या कामी येते. जलसुरक्षक आणि शाळा ज्या ओटी चाचणीने पाणी तपासतात, तिच्यात परीक्षानळीतील पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब टाकतात आणि पिवळी छटा आल्यास क्लोरीन असल्याचे समजते. ही छटा पहिल्या दहा सेकंदांत दिसली तर ती मोकळ्या क्लोरीनची असते; पंधरा-वीस मिनिटांनी ती गडद झाली तर वाढलेला पिवळेपणा संयुक्त क्लोरीनचा, म्हणजे क्लोरामाइनचा, असतो. विहिरीच्या किंवा धरणाच्या पाण्यात सेंद्रिय घाण मिसळून अमोनिया तयार झालेला असेल, तर टीसीएल टाकल्यावर क्लोरीन त्या अमोनियाशी बांधले जाऊन क्लोरामाइन बनते. ते उघड्यावर ठेवून सहजासहजी उडून जात नाही, कल्ल्यांतून थेट रक्तात शिरते आणि रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन निकामी करते. हायपो त्यातील क्लोरीन हटवतो, परंतु अमोनिया मागे सोडतो; म्हणून उशिरा पिवळी होणारी नळी दिसल्यास एकाच वेळी फार पाणी बदलू नये. चाचणीचे रसायन विषारी असल्याने नळीतील पाणी टाकीत किंवा भांड्यात कधीही ओतू नये, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कूपनलिकेचे पाणी थेट घरात येत असेल तर क्लोरीनचा प्रश्नच उरत नाही. तथापि भूगर्भातून नुकत्याच आलेल्या पाण्यात प्राणवायू अल्प आणि कार्बन डायऑक्साइड अधिक असतो, म्हणून तेही काही तास हवेवर ठेवूनच वापरावे.

आता खडकाने दिलेल्या द्रव्यांकडे वळू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला काळा बेसॉल्ट, ज्याला भूशास्त्रात दख्खन ट्रॅप म्हणतात, तो घाटावर आणि घाटाच्या पायथ्याशी भूजलाचा आधार आहे. मुरणारे पावसाचे पाणी मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनते, खडकातील खनिजे झिजवते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट आपल्यासोबत घेऊन विहिरीत उतरते. काळ्या जमिनीत नांगराला लागणारे चुनखडीचे खडे, गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर, साबणाला न येणारा फेस आणि बराच वेळ चुलीवर ठेवूनही न शिजणारी तुरीची डाळ ही सारी याच क्षारांची रूपे आहेत. शालेय पुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, बोलीत ते जड पाणी असते. पेयजलाच्या मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. मत्स्यपालनाच्या पट्ट्यांवर हाच कठीणपणा ‘जर्मन अंशां’त दाखवलेला असतो आणि एक अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम होतात, म्हणजे २०० मिलिग्रॅमचे पाणी साधारण ११ अंशांचे झाले.

कठीणपणाबरोबर येणारे बायकार्बोनेट हा नवशिक्याचा खरा मित्र आहे. पाण्याची आम्लता किंवा अल्कता सामू या मापाने दाखवतात. सात हा उदासीन बिंदू, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क, आणि एका अंकाच्या फरकाने दहापट बदल होतो. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि टाकीतील जिवाणू यांच्यामुळे पाणी सतत आम्लतेकडे झुकत असते. बायकार्बोनेट ते आम्ल शोषून घेते आणि सामू जागेवर ठेवते. आरओच्या पाण्यातून हे संरक्षण जवळजवळ पूर्ण निघून गेलेले असते. म्हणून जारच्या पाण्याने भरलेल्या टाकीत सामू काही आठवड्यांत एकाएकी कोसळू शकतो, शिवाय शरीरातील क्षार टिकवण्यासाठी माशाला अहोरात्र झगडावे लागते. स्वच्छ दिसणारे, चवीला गोड लागणारे हे पाणी एकट्याने माशांना द्यावे ही समजूत सोडून दिली पाहिजे.

बेसॉल्टमधील विहिरींच्या पाण्याचा सामू साधारणतः ७.५ ते ८.५ च्या दरम्यान आढळतो आणि तो स्थिर असतो. अल्कतेची पराकाष्ठा पाहायची तर ती याच जिल्ह्यात लोणार येथे पाहता येते: उल्काघाताने बेसॉल्टमध्ये पडलेल्या त्या विवराला बाहेर जाणारा प्रवाह नाही, क्षार आत साठत गेले आहेत, पाण्याचा सामू दहाच्या आसपास नोंदला गेला आहे आणि अशा पाण्यात मासे सहसा तगत नाहीत. या सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तो तेथील वैशिष्ट्यपूर्ण सूक्ष्मजीवसृष्टीसह पाणथळ परिसंस्थेच्या महत्त्वामुळे. घरातील टाकी आणि लोणार यांच्यात एक नाते आहे, ते म्हणजे बाष्पीभवनाने क्षार साठत जाण्याचे, आणि त्याचा विचार पुढे येईल.

जड पाणी आणि खारे पाणी यांत मात्र गल्लत करू नये. पूर्णा नदीच्या गाळाच्या मैदानात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांच्या नदीकाठच्या भागात आणि पुढे अकोला-अमरावतीपर्यंत पसरलेला खारपाणपट्टा आहे, जिथे भूजलात सोडियम व क्लोराइड, म्हणजे मीठ, मोठ्या प्रमाणात आढळते. मोताळ्याकडील डोंगरालगतच्या खडकातले पाणी सहसा या प्रकारचे नसते. दोन्ही पाण्यांचा टीडीएस, म्हणजे एकूण विरघळलेल्या क्षारांचा आकडा, सारखाच येऊ शकतो आणि म्हणून केवळ टीडीएस मीटरवर विसंबणाऱ्याची फसगत होते. तो मीटर क्षार किती हे सांगतो, कोणते हे सांगत नाही. त्यासाठी कठीणपणा, अल्कता, क्लोराइड आणि नायट्रेट स्वतंत्रपणे तपासावे लागतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनअंतर्गत गावोगावी पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण आणि तपासणी संच देण्याची तरतूद झालेली आहे, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतही पाण्याचा नमुना तपासला जातो. टाकी विकत घेण्याआधी गावातील स्रोताचा असा अहवाल डोळ्यांखालून घालणे हा सर्वांत शहाणपणाचा खर्च ठरेल. कपाशीच्या पट्ट्यात नायट्रेटच्या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण खतांतील नत्र झिरपून विहिरीत उतरते आणि मानकातील ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

एकाच विहिरीचे पाणी वर्षभर सारखे नसते, हेही ओघाने आले. पावसाळ्यानंतर पाझरून आलेल्या पाण्याने क्षार विरळ होतात, उन्हाळ्यात पातळी खाली गेली की ते दाटतात. मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाने २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला, तो पाणी अडवून जिरवण्याच्या श्रमदानामुळे. असे जिरवलेले पाणी विहिरीच्या पातळीबरोबरच तिच्या पाण्याचा गुणही बदलते. म्हणून दिवाळीत तपासलेला आकडा मे महिन्यात गृहीत न धरता वर्षातून निदान दोनदा तपासणी करावी.

खडकाने दिलेले पाणी जसे आहे तसे स्वीकारले, की मासे कोणते ठेवावेत याचे उत्तर त्यातूनच मिळते. ॲमेझॉनच्या पालापाचोळ्याने रंगलेल्या, मृदू व आम्लधर्मी उपनद्यांतून आलेले निऑन टेट्रा, कार्डिनल आणि डिस्कस हे मासे देखणे आहेत, परंतु घाटाखालील जड पाण्यात त्यांना जगवणे म्हणजे दररोज पाण्याशी लढणे आहे. याउलट गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल या पिल्ले देणाऱ्या माशांना कठीण व किंचित अल्कधर्मी पाणी मानवते. मॉलीच्या काही जाती तर मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातील चुनखडकाच्या प्रदेशातल्या आहेत. गप्पीची ओळख ग्रामीण महाराष्ट्राला छंदाच्या आधी आरोग्य खात्याने करून दिलेली आहे. डासांच्या अळ्या खाणारा हा दक्षिण अमेरिकी मासा हिवताप व डेंग्यूच्या नियंत्रणासाठी पैदास केंद्रांत वाढवला जातो आणि तेथून हौद, टाक्या व डबक्यांत सोडला जातो. बेसॉल्टच्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या अशा गप्पी दिसायला साध्या असल्या, तरी दुकानातल्या झुपकेदार शेपटीच्या गप्पींहून कितीतरी काटक असतात, आणि पहिल्या टाकीसाठी त्यांच्याइतका योग्य मासा शोधूनही सापडणार नाही. त्यांना नलगंगेसारख्या नदीत किंवा ओढ्यात मात्र सोडू नये. झपाट्याने वाढणारी गप्पी तेथील मूळच्या लहान माशांचे अन्न आणि जागा बळकावते.

ज्यांना मृदू पाण्याचेच मासे हवे आहेत त्यांनी पाण्यात रसायने घालून सामू खाली आणण्याच्या फंदात पडू नये, कारण बायकार्बोनेट ते आम्ल गिळून टाकते, सामू दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येतो आणि ही चढउतार मूळच्या अल्कतेपेक्षा अधिक त्रासदायक असते. नळाच्या पाण्यात मोजून आरओचे किंवा पावसाचे पाणी मिसळणे हा सरळ उपाय आहे. निम्मे-निम्मे मिसळले की कठीणपणा निम्म्यावर येतो. गच्चीवरचे पावसाचे पाणी धरायचे झाल्यास पहिल्या दोन-तीन सरी वाया जाऊ द्याव्यात, म्हणजे धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा धुऊन निघते.

क्लोरीन गेले आणि क्षार समजले, तरी पाणी अजून तयार झालेले नसते, कारण त्यात जीवनक्रिया सुरू व्हायची असते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो विषारी असतो. निसर्गात काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडून दाखवलेली ही क्रिया नायट्रीकरण म्हणून ओळखली जाते. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतात आणि त्यांची वसाहत फिल्टरच्या स्पंजात व खडीवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टाकी व मासे एकाच दिवशी आणल्यास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होणारी मरतूक याच पोकळीमुळे होते, आणि तिचा दोष बहुधा माशांच्या ‘आजारा’वर जातो.

जड पाण्याच्या प्रदेशात या गोष्टीला आणखी धार आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: विद्युतभारित अमोनियम, जो तुलनेने सौम्य असतो, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज शिरतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असता एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच मुक्त असतो. सामू ८ झाला की ते प्रमाण पाच टक्क्यांवर जाते आणि त्याच सामूला पाणी ३० अंशांपर्यंत तापले तर सात टक्क्यांच्या पुढे. म्हणजे पुण्या-मुंबईच्या तुलनेने मृदू पाण्यात जी चूक खपून जाते, तीच चूक घाटाखाली मे महिन्यात दहापटीने महाग पडते. बेसॉल्टचे पाणी माशाला मानवते, पण त्या पाण्यात अमोनिया साचू देणे मानवत नाही, असा हा दुहेरी हिशेब आहे.

म्हणून टाकी भरल्यावर महिनाभर ती माशांविना चालवावी. फिल्टर व हवेचा पंप अखंड सुरू ठेवून दररोज चिमूटभर खाद्य टाकले तर ते कुजून अमोनिया तयार होतो. अधिक नेमकेपणा हवा असल्यास प्रयोगशाळेच्या दर्जाचा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, वापरता येतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते आणि तेवढ्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया आणण्यास सुमारे एक तृतीयांश ग्रॅम नवसागर पुरतो. कल्हईसाठी मिळणारा नवसागर अशुद्ध असल्याने तो टाळावा. ओळखीच्या एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर खडी मिळाली, तर जिवाणूंचे विरजणच मिळाल्यासारखे होते आणि कालावधी निम्म्यावर येऊ शकतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले, की पाणी तयार झाले असे समजावे. स्पंज धुताना तो नळाखाली धरू नये, कारण क्लोरीन जसे रोगजंतू मारते तसे हे उपयुक्त जिवाणूही मारते. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच तो पिळावा. दुकानदार सोबत देतात ते ‘निळे औषध’, म्हणजे मिथिलीन ब्लू, याच कारणाने मुख्य टाकीत विनाकारण घालू नये.

टाकीत खडेमीठ घालण्याचा दुकानदारांचा सल्ला मात्र अगदीच निराधार नाही. नायट्राइट कल्ल्यांच्या ज्या मार्गाने रक्तात शिरते त्याच मार्गाने क्लोराइडही शिरते आणि पाण्यात क्लोराइड पुरेसे असले की नायट्राइटला वाट मिळत नाही. आणीबाणीत थोडे आयोडीनरहित मीठ घालणे त्यामुळे उपयोगी ठरते. खारपाणपट्ट्यातील मूळच्याच खाऱ्या पाण्यात ही भर घालण्याचे कारण नाही.

विदर्भाच्या उन्हाळ्यात या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा होते. पाणी २० अंशांना असताना त्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना तो सातच्याही खाली उतरतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशांची व जिवाणूंची प्राणवायूची गरज वाढलेली असते. भारनियमनात पंप बंद पडला की दोघांचीही कोंडी होते. बॅटरीवर चालणारा लहान पंप नसल्यास मगाने पाणी काढून उंचावरून परत ओतत राहणे, हा हातचा उपाय पुरेसा परिणामकारक आहे. गच्चीवरच्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका लावण्याइतके तापलेले असते, म्हणून पाणी बदलायचे ते पहाटे आणि दोन्ही पाण्यांच्या तापमानात एक-दोन अंशांहून अधिक फरक नसताना.

याच दिवसांत बाष्पीभवनाचा प्रश्न उभा राहतो. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. कूलरच्या जाळीवर मोसमाच्या शेवटी जो पांढरा कडक थर चढतो, तोच थर न दिसता टाकीच्या पाण्यात दाटत जातो, जर मालक फक्त घटलेले पाणी नळाच्या पाण्याने भरत राहिला तर. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावी, आणि त्याखेरीज दर आठवड्याला पाचवा ते चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेच तयार नळाचे पाणी घालावे. जारच्या पाण्याची खरी जागा इथे आहे. नळ काही दिवसांआड येत असेल तर पुढच्या बदलापुरते पाणी पिंपात आधीच धरून ठेवावे, म्हणजे ते मुरून तयार होते आणि टंचाईच्या दिवसांत पाणी बदलणे लांबणीवर पडत नाही. काढलेले पाणी वाया जात नाही. त्यातील नायट्रेट परसातल्या झाडांना खत म्हणूनच मिळते.

मासे जळगाव, मलकापूर किंवा खामगावहून आणलेले असोत, त्यांच्या पिशवीतले पाणी आणि घरचे पाणी क्वचितच सारखे असते, कारण शोभेच्या माशांचा व्यापार मोठ्या प्रमाणावर चेन्नई आणि कोलकाता परिसरातील पैदासकारांवर चालतो. पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखे करावे, मग ती उघडून तासाभरात थोडे थोडे टाकीचे पाणी आत घालत जावे आणि शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. प्रवासात त्यात अमोनिया साचलेला असतो, आणि जड पाण्यात मिसळताच तो मुक्त रूपात येतो. ५६ लिटरच्या टाकीत पहिल्या खेपेस पाच-सहा गप्पींहून अधिक मासे आणू नयेत आणि पहिल्या आठवड्यात खाद्य निम्मेच द्यावे, कारण स्पंजातील जिवाणूंची संख्या माशांच्या संख्येनुसार वाढायला तेवढा अवधी लागतो.